पहिल्या गाडीवर

भावसिंगनं सकाळपासून तीनदा अंगण झाडायला लावलं. तेरवीच्या दिवशी अंगणाकडे कोण बघतं? पण त्याला सांगणार कोण! धाकटा भाऊ येणार म्हटलं की या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि हे आजचं नाही, पस्तीस वर्षांचं आहे.

पोराला जाऊन तेरा दिवस झाले होते. दिपक, त्याचा थोरला, सत्तावीस वर्षांचा. फौजेत पुरवठ्याच्या खात्यात ट्रक चालवायचा. हिवाळ्यासाठी खिंड बंद होण्याआधी रॉकेलची शेवटची खेप घेऊन वर निघाला आणि चढावर बर्फाचा कडा पहिल्या चार गाड्यांवर आला. तिरंग्यातली पेटी साखऱ्यावरून तांड्यावर आली, तेव्हा कापूस वेचायचा सोडून माणसं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी होती. त्या दिवशी अमरसिंग आला नाही. फोन आला, "भिया, सुटता येत नाही." भावसिंगनं तेही मोठेपणात धरलं. मेजर जनरल म्हणजे काय साधी गोष्ट झाली? सगळ्या बर्फातल्या पलटणींच्या पोटाची काळजी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. तो कसा सुटेल?

"अजून एकदा झाडा," पारुबाई लापशीच्या पातेल्याशेजारून म्हणाली. "सायबाच्या बुटाला माती लागंल."

"आज तरी जीभ आवर."

"तेरा दिवस आवरूनच राहिले."

भावसिंग तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. आवाज खाली केला. "हे बघ, विकासचं आज काय ते ठरवून टाकू. सोमवारी हजर व्हायचं हाय त्याला. अमर 'जा' म्हणला की तू आडवी येऊ नको."

"आन 'नको' म्हणले तर?"

"तर न्हाई जाणार. माझा शब्द."

"बराबर," पारुबाई म्हणाली. "त्यांच्याच तोंडून होऊ द्या. माझं तर ते पोरगं ऐकून बी घेत न्हाई."

घ्या! नवराबायकोचं तेरा दिवसांत पहिल्यांदा एका गोष्टीवर जमलं, आणि ते दोघं उलट्या भरवशावर. भावसिंगला खात्री, फौजेतला भाऊ 'जा' म्हणणार. पारुबाईला खात्री, एक पुतण्या गेल्यावर दुसऱ्याला कोण धाडतो? चौदाव्या वर्षी ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा अमरसिंग दहा वर्षांचा होता, नाकातला शेंबूड तिच्या ओढणीला पुसायचा. त्याला ती आतून ओळखते असं तिला वाटायचं.

आणि विकास? वीस वर्षांचा. तीन पोरी आणि दिपकच्या पाठीवर म्हातारपणी झालेलं लेकरू. दोन वर्षं शिरडच्या रस्त्यावर पहाटे पळाला, भरतीत उतरला, बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात भावाची पेटी आली. तेव्हापासून तो घरात कुणाशी धड बोलत नव्हता. पाण्याचे हंडे भरायचा, माणसांना सतरंज्या घालायचा, आणि कुणी विचारलं की एकच सांगायचा, "काका म्हणतील तसं."

साडेदहाला गाडी आली. पुढं झेंडा नव्हता, मागं पोलीस नव्हते. अमरसिंग साध्या पांढऱ्या सदऱ्यात उतरला. तांड्यातली माणसं उठून उभी राहिली. म्हाताऱ्या बायका रिवाजाप्रमाणे त्याच्या गळ्यात पडून रडल्या. तो ताठ उभा राहिला. पारुबाई पुढं झाली, तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तेव्हा मात्र त्याच्या तोंडून "भाभी" एवढंच निघालं आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

भावसिंगला ते खटकलं. पण त्यानं त्याचाही अर्थ लावला. मोठ्या माणसांना चारचौघांत रडता येत नाही.

---

भोग लावून झाला, निखाऱ्यावर तूप पडलं, धूर झाला, आणि माणसं मांडवात बसली. मग भाषणं. आता तेरवीला भाषणं कुठून आली? पण साखऱ्याचे निवृत्त गुरुजी भागवतराव हाती कागद घेऊनच आले होते, आणि त्यांना कोण थांबवणार.

"आपल्या या तांड्यातून," गुरुजींनी सुरू केलं, "आश्रमशाळेत शिकलेलं एक पोर भारताच्या फौजेत जनरल झालं. लढाई बंदुकीनं जिंकतात असं आपण समजतो. पण बंदूक धरणाऱ्याला भाकर लागते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अमरसिंगराव आडे यांनी एकही चौकी उपाशी ठेवली नाही. दिपकनं त्याच कामात देह ठेवला. आमचा विचार आहे की तांड्याच्या रस्त्यावर कमान उभारावी, एका बाजूला काकांचं नाव, एका बाजूला पुतण्याचं."

माणसांनी माना हलवल्या. अमरसिंग खुर्चीवर बसून समोरच्या सतरंजीकडे बघत होता.

एकही चौकी उपाशी ठेवली नाही. खरं होतं ते. त्याच एका वाक्यावर त्याची सगळी नोकरी उभी होती. प्रशिक्षण संपलं आणि त्याला पुरवठ्याचं खातं मिळालं, तेव्हा बरोबरचे हसले होते. कुणी म्हणालं, आडेला किराणा दुकान मिळालं. तो सुट्टीवर घरी आला तो तोंड लपवून. बापाला सांगितलं तर बाप मांडीवर थाप मारून हसला. "अरे येड्या, आपण दुसरं काय केलं रे पिढ्यान् पिढ्या? बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या मागं गेलो. त्यालाच लदेणी म्हणत व्हते. राजे लढले, पण खाऊ घातलं आपण." आणि मग म्हाताऱ्यानं लदेणीचा नियम सांगितला. रांगेत पहिला बैल तांड्याच्या नायकाच्या घरचा. वाघ असो, चोर असो, नदीला पूर असो, जे काय यायचं ते आधी नायकाच्या घरावर येणार. म्हणून तर बाकीचे मागून डोळे झाकून चालतात.

अमरसिंगनं ते मनावर कोरून घेतलं. लेफ्टनंट असताना पूर्वेकडच्या डोंगरात खेचरांच्या रांगेच्या पुढं तो स्वतः चालला. मेजर असताना पूर आलेल्या नदीतून पहिली होडी त्यानं स्वतः नेली. वाळवंटात पाण्याच्या टँकरच्या पुढच्या सीटवर बसून तापानं फणफणत गेला. एका जवानाला एका थंडीत किती रॉकेल लागतं, किती डाळ, किती मोजे, हे त्याला तोंडपाठ. वरचे अधिकारी म्हणायचे, आडे हो म्हणाला की माल पोचला समजा. कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल. आणि हळूहळू तो रांगेच्या पुढून उठून टेबलाच्या मागं गेला. ते कधी झालं, हे त्याला आज सांगता आलं नसतं.

भागवतराव बसले. कुणीतरी म्हणालं, सायबांनी दोन शब्द बोलावेत. अमरसिंग उभा राहिला, हात जोडले आणि मांडवाबाहेर निघून गेला.

"लय मऊ काळजाचा हाय," भावसिंग लोकांना म्हणाला आणि त्याच्या मागं धावला.

तुरीच्या शेताच्या बांधावर त्यानं भावाला गाठलं. तूर खांद्याएवढी झाली होती, शेंगा भरल्या होत्या.

"चल, माणसं ताटावर बसायचीत."

"भिया, मला तुला काही सांगायचंय. भाभीला सांगायच्या आधी."

"सांग की."

अमरसिंगनं सांगितलं. सरळ सांगितलं, वरिष्ठाला अहवाल देतात तसं. त्या खेपेचा हुकूम त्याचा होता. पहाटे खालच्या तळावरून कर्नलचा फोन आला. साहेब, वरचं आभाळ बरं दिसत नाही, एक दिवस थांबू का? अमरसिंग म्हणाला, एक दिवस थांबलात आणि खिंड बंद झाली, तर वरची सहाशे माणसं सहा महिने कशावर शेकणार? चालू द्या.

भावसिंग ऐकत होता. "मग बराबरच केलं की. सहाशे माणसं."

"पुढचं ऐक. आदल्या दिवशी गाड्यांची यादी झाली. पहिल्या गाडीवर दिपकचं नाव. कर्नलला माहीत होतं तो माझा कोण. त्यानं विचारलं, साहेब, नाव खाली घेऊ का? दहावी, बारावी गाडी देऊ?"

"मग?"

"मी नको म्हणालो."

तुरीत पाखरं ओरडत होती. भावसिंग बांधावर खाली बसला.

"काहून?" तो म्हणाला.

"बापानं सांगितलेलं. पहिला बैल नायकाच्या घरचा."

भावसिंगनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. अमरसिंगला वाटलं, आता हा उठून आपल्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण भावसिंग उठला, भावाच्या सदऱ्याला लागलेलं कुसळ काढलं आणि म्हणाला, "हे पारूला सांगू नको."

"भिया—"

"न्हाई सांगायचं. ऐक माझं. पोरगं तर गेलं. आता तुझं नाव बी घालवू काय मी? ह्या तांड्यातली अकरा पोरं तुझ्याकडं बघून भरतीला पळून राहिली. त्या गुरुजीचा कागद बघितला न्हाई? आमच्यापाशी दुसरं हाय काय रे अमर, तुझ्याशिवाय?" त्याचा आवाज फाटला. "आत चल. पारू विकासचं विचारंल. तू 'जा' म्हण. दुसरं काय बी बोलू नको."

"कसं म्हणू 'जा'?"

"जसं माझ्या दिपकला म्हणला तसं," भावसिंग म्हणाला आणि पुढं चालायला लागला.

---

जेवणं झाली. पाहुणे पांगले. दुपारी घरातली पाच माणसं आतल्या खोलीत बसली: भावसिंग, पारुबाई, विकास, भिंतीला टेकून दिपकची बायको शिला, आणि एकुलत्या एका खुर्चीवर अमरसिंग. खुर्ची नको म्हणून तो खाली बसायला गेला, तर भावसिंगनं दंडाला धरून वर बसवला.

पारुबाईनं वेळ घालवला नाही. "भाऊजी, ह्याचं काय करायचं ते सांगा. सोमवारी जायचं म्हणतो."

"मी कुठं जायचं म्हणतो?" विकास म्हणाला. "मी म्हणलं काका सांगतील तसं."

"तेच. सांगा तुमी."

भावसिंग पटकन म्हणाला, "अमरचं म्हणणं हाय की जाऊ द्यावं."

"त्यांना तोंड हाय ना? त्यांना बोलू द्या." पारुबाईनं पदर सारखा केला. तिचा आवाज मऊ झाला होता, विनवणीचा. "भाऊजी, दिपकच्या वक्ताला मीच तुमाला फोन केला व्हता. त्याला बंदुकीच्या पुढं उभं करू नका, तुमच्या गाडीघोड्यात घ्या म्हणलं. तुमी माझं ऐकलं. आठ वर्षं मी निजले सुखानं. आता जे झालं ते आभाळानं केलं, तुमी काय करणार. पण हा एकच राहिला. तुमी नुस्तं 'नको' म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

अमरसिंग भावाकडे बघत नव्हता. तो पारुबाईच्या हातांकडे बघत होता. याच हातांनी आश्रमशाळेला जाताना त्याच्या डोक्याला तेल चोपडलं होतं.

"आभाळानं नाही केलं, भाभी," तो म्हणाला.

"अमर!" भावसिंग ओरडला.

पण आता तो थांबणार नव्हता. त्यानं हुकमाचं सांगितलं, कर्नलच्या फोनचं सांगितलं, यादीचं सांगितलं. लदेणीच्या नियमाचं सांगितलं. म्हणाला, "मी नाव खाली घेतलं असतं तर दुसऱ्या कुणाचा मुलगा त्या गाडीवर बसला असता. मी त्याच्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"आन मला दाखवतो?" पारुबाई म्हणाली.

छत्तीस वर्षांत तिनं त्याला 'तुमी' सोडून हाक मारली नव्हती. अधिकारी झाला त्या दिवशी तिनं स्वतःहून 'तू' सोडलं होतं आणि त्याचा तिला केवढा अभिमान. आता ते गळून पडलं.

"थांबा," ती भावसिंगला म्हणाली, तो काही बोलायच्या आधीच. "मला समजून घेऊ द्या. नायकाच्या घरचा बैल पुढं. बराबर?"

"हो," अमरसिंग म्हणाला.

"नायक कोण? तूच ना?"

अमरसिंगनं मान हलवली.

"मग तुझा आयुष कुठं हाय?"

आयुष म्हणजे अमरसिंगचा मुलगा. परदेशात कंपनीत होता. फौजेत जायचं नाही म्हणाला, तेव्हा अमरसिंग त्याला एक शब्दही बोलला नव्हता. उलट बायकोला, आशाबाईला, म्हणाला होता, एका घरातून एक पुरे. ते त्याला आठवलं. आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की आपण स्वतःला नायक म्हणवून घेत भावाचा बैल पुढं घातला.

"सांग की. तुझा तिकडं गाडीत फिरून राहिला, आन पुढं कोण घातला? माझा! ज्याला मी तुझ्या वटीत टाकला, जीव राहावा म्हणून, त्याला!" ती उठून उभी राहिली होती. "बापानं तुला नियम सांगितला म्हणे. त्या म्हाताऱ्यानं हे बी सांगितलं का, की दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हणून वाघापुढं द्यावं?"

"पारू, बस खाली," भावसिंग म्हणाला. "त्यानं सचोटीनं केलं."

"तुमी गप बसा! तुमाला म्हाईत व्हतं. तुमच्या तोंडावरनंच कळून राहिलं. मघाशी शेतातून आले तवाच कळलं तुमाला, आन तरी बी म्हणता, जाऊ द्यावं? कसल्या काळजाचे हो तुमी?"

भावसिंगनं मान खाली घातली. उत्तर होतं, पण ते बायकोपुढं बोलायचं नव्हतं: की भावाच्या नावाशिवाय आपण कोण आहोत हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

अमरसिंग खुर्चीवरून उठला आणि जमिनीवर बसला. या वेळी त्याला कुणी वर ओढलं नाही. "विकास," तो म्हणाला, "तू जा किंवा जाऊ नको, ते मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क मला राहिला नाही."

पारुबाई कडवट हसली. "आता हक्क राहिला न्हाई म्हणे. जवा एक 'हो' पाहिजे व्हतं, तवा व्हता हक्क!"

विकास इतका वेळ भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचं तोंड लाल झालं होतं, पण रागानं नव्हे. पारुबाईला ते दिसलं. पोराचे डोळे काकावर होते, आणि त्या डोळ्यांत आदर होता.

"म्हणजे सायबाचा पुतण्या म्हणून काकानं त्याला मागं न्हाई घातलं," विकास आईला हळू म्हणाला. "याडी, तुला कळून राहिलं का? फौजेत समदे वशिल्यानं मागं सरकतात. आपला दादा पुढं व्हता."

"गप!" पारुबाई किंचाळली.

"दादाला म्हाईत असंल का गं, काकानं असं केलं ते?" विकास वळला. "भाभी, आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा तुला फोन आला व्हता ना. काय म्हणला तो? खरं सांग. तो घाबरला व्हता का?"

सगळे शिलाकडे बघायला लागले.

---

शिला चोवीस वर्षांची होती. तेरा दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बायकांनी तिच्या हातातला चुडा उतरवला, गळ्यात पडून रडल्या, आणि आज सकाळीच चुलीशेजारी आपापसात बोलल्या, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: पोरगी तरणी हाय, वर्ष सरू द्या, मग विकासच्या नावानं बसवा, घरातलं घरात. तांड्यात दिराशी असं लग्न पूर्वीपासून होत आलंय, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. शिला तिथून उठून गेली होती. विकास तिला भाऊच होता. पाठीमागून येऊन तिच्या ताटातली मिरची पळवायचा.

फोन आला होता. आठ मिनिटं बोलणं झालं. त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता. तेरा दिवस तिनं दुसरं काही केलंच नव्हतं, तेवढंच घोळवत बसली होती.

दिपक हसत होता फोनवर. लग्न झाल्यापासून तिनं त्याला एवढा खूश ऐकला नव्हता. म्हणाला, "शिला, ऐक तर! सायबानं काकाला विचारलं, पोराला यादीत मागं घेऊ का. काका न्हाई म्हणला! पैल्या गाडीवर मी हाय उद्या. आठ वर्षं समदे मला जनरलचा पुतण्या म्हणून चिडवून राहिले. उद्यापासून कोन म्हणतो बघू!" ती म्हणाली, वर थंडी किती असंल, जपून. तो म्हणाला, "काय न्हाई होत गं. विक्याला सांग, ये म्हणावं लवकर. दोघं भाऊ एका मागं एक गाडी चालवू. काय मजा येईल!"

हे तिनं आता सांगितलं, तर काय काय होईल ते तिला समोर दिसत होतं. काका रडतील, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. दिपक नाराज नव्हता, तो खूश होता, एवढं कळलं की त्यांना झोप लागेल. सासरे मान वर करतील. आणि विकास आत जाऊन बॅग भरेल. त्याला मग देव जरी आडवा आला तरी तो थांबायचा नाही. आणि पुढं कधीतरी, कुठल्यातरी खिंडीत, कुठलातरी कर्नल फोन करून विचारील, साहेब, यादीत खाली घेऊ का.

तिनं काकांकडे बघितलं. जमिनीवर बसलेला तो छप्पन्न वर्षांचा माणूस तिच्या तोंडाकडे असा बघत होता, की तिला त्याची कीव आली. वाईट माणूस नव्हता तो. लग्नात त्यानंच तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. एक वाक्य त्याला पुरलं असतं.

आणि ती विकासला थांबवील, तर तांडा काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. म्हणेल, पोरीनं आपल्यासाठी दिराला ठेवून घेतला. चुलीशेजारच्या त्या बायका तर म्हणणारच. जन्मभर म्हणतील.

"भाभी," विकास म्हणाला, "बोल ना."

"घाबरला व्हता," शिला म्हणाली.

विकास भिंतीपासून पुढं आला.

"लय घाबरला व्हता. रडून राहिला फोनवर." तिचा आवाज सपाट होता, कारण तिला प्रत्येक शब्द जागच्या जागी बनवावा लागत होता. "म्हणला, मला पैल्या गाडीवर टाकलं. म्हणला, काकाला फोन कर, मला मागं घ्या म्हणून सांग. मी म्हणलं, लोक काय म्हणतील. मी न्हाई केला फोन."

अमरसिंगच्या घशातून एक आवाज निघाला. भावसिंगनं डोळे मिटले.

"आन तुझं बी म्हणला," ती विकासकडे वळली. त्याच्याकडे बघणं अवघड होतं, पण तिनं बघितलं. "म्हणला, विक्याला हिकडं येऊ देऊ नको. काय बी कर, पण येऊ देऊ नको."

विकासच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. तो दारातून बाहेर गेला, तुरीच्या बाजूला, आणि बराच वेळ तिकडून परत आला नाही. पण तो जाणार नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. पारुबाई शिलाजवळ येऊन बसली, तिला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडली, पोराचं नाव घेऊन, तेरा दिवसांत रडली नव्हती तशी. "माझं लेकरू घाबरलं व्हतं गं, एकटंच घाबरलं व्हतं!"

शिला तिच्या कुशीत ताठ बसून राहिली. सासूलाही आता हेच दुःख जन्मभर पुरणार होतं, आणि ते तिनंच दिलेलं होतं.

चार वाजता अमरसिंग निघाला. भावसिंग त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला नाही. अंगणात शिला पातेली घासत होती. तो तिच्यापाशी थांबला. या तेरा दिवसांत तो खूप म्हातारा झाला होता. आजच्या दिवसात त्याहून जास्त.

"पोरी," तो म्हणाला, "तो आणखी काही म्हणाला का? माझ्याबद्दल?"

राखेनं भरलेला हात तसाच पातेल्यावर ठेवून शिलानं वर बघितलं. दिपकचं हसू तिच्या कानात होतं, अगदी स्पष्ट. विकास शेतातून परत येत होता. ऐकू जाईल एवढ्या अंतरावर आला होता.

"न्हाई, काका," ती म्हणाली. "काय न्हाई म्हणला."